बावखलाची सूचना चर्चमध्ये वाचावी का?

वाडीकर, वसई

नमस्कार. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावात राहतो आणि गेली तीन वर्षे आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या भाविकांच्या समूहाच्या, परिषदेचा सभासद आहे. मागच्या महिन्यातील बैठकीत एक विषय निघाला आणि रात्री साडेदहापर्यंत बोलूनही त्याचा निकाल लागला नाही. तो केवळ आमच्या गावापुरता नसावा, असे वाटल्यामुळे येथे मांडत आहे.

आमच्या गावात वाड्यांच्या मधोमध एक बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतील खोदीव तळे. पूर्वी त्यावर रहाट चालत आणि केळी, नागवेल, फुलझाडे यांना त्याचेच पाणी जाई. रहाट जाऊन पंप आले, तरी बावखलाचे मूळ काम थांबले नाही. पावसाळ्यात साठलेले पाणी जमिनीत मुरते, आसपासच्या विहिरींना गोडे पाणी मिळते आणि समुद्राच्या बाजूने सरकत येणारे खारे पाणी अडून राहते. गेल्या दिवाळीपासून या बावखलात रात्री बांधकामाचा राडारोडा येऊन पडतो आहे. ज्या पायरीवर बसून माझी आई कपडे धूत असे, ती पायरी आता दिसत नाही.

परिषदेतील काहींचे म्हणणे असे की, रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासनेला, जितकी माणसे एका छपराखाली येतात तितकी दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने येत नाहीत, म्हणून फादरांनी वेदीवरूनच विषय मांडावा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, चर्च हे उपासनेचे स्थान आहे आणि पाण्याचे, जमिनीचे, महापालिकेचे प्रश्न नागरिकांनी नागरिक म्हणून सोडवावेत. या दोन्ही मतांवर मी एका वेळेस होकार आणि एका वेळेस नकार देऊन बसलो.

खरी अडचण मला दुसऱ्या दिवशी कळली. बावखलाला लागून ज्यांची विहीर आहे ते आमचे शेजारी सामवेदी ब्राह्मण आहेत. त्यांच्या घरात आणि आमच्या घरात एकच कादोडी, म्हणजे आमच्या वसईची बोली, बोलली जाते. बांधावर उभे राहून ते मला म्हणाले, ‘फादर बोलले तर लोक ऐकतील, हे मला ठाऊक आहे. पण ज्या दिवशी ते वेदीवरून बोलतील, त्या दिवशी बावखल तुमचे होईल, आणि मग आमच्या आळीतली अर्धी माणसे येणार नाहीत.’ ते रागाने बोलले नाहीत, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

ज्या देशात अनेक धर्मांची माणसे एकाच विहिरीचे पाणी पितात आणि राज्याचा स्वतःचा धर्म नाही, त्या देशात चर्चने सार्वजनिक प्रश्नावर चर्च म्हणून बोलावे काय, की आपल्या माणसांना घडवून स्वतः गप्प राहावे? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

खटलेवाला, रत्नागिरी

वाडीकर, मी वकिली करतो, म्हणून प्रथम कायद्याची बाजू सांगतो.

राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. ‘प्रसार’ हा शब्द सहज आलेला नाही. १९४८च्या डिसेंबरात संविधान सभेत त्यावर आक्षेप घेतले गेले, तेव्हा कन्हैयालाल मुनशी यांच्यासारख्या हिंदू सभासदांनी तो ठेवण्याच्या बाजूने भाषणे केली. त्याच सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, आणि धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नसाव्यात या बाजूने ते १९४९मध्ये उभे राहिले. या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी ठेवून वाचतो. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांच्या बोलण्याला जागा दिली आणि अल्पसंख्याकांनी वेगळा मतदारगट म्हणून उभे राहण्याचा आग्रह सोडला. चर्चचे सार्वजनिक बोलणे त्या विश्वासावर उभे आहे, असे माझे मत आहे.

आता मर्यादा. धर्माच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली निवडणुकीतील भ्रष्ट आचरण ठरते, आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचा अर्थ अधिक व्यापक केला. उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचा धर्म पुढे करून केलेले आवाहनही त्यात येते. दुसरा कायदा फार थोड्यांना माहीत असतो, तो १९८८चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा. देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या जागेचा वापर राजकीय कार्यासाठी करता येत नाही, आणि राजकीय कार्य म्हणजे केवळ पक्षाचा प्रचार नव्हे. राजकीय स्वरूपाच्या प्रश्नासाठी सभा भरवणे, निधी गोळा करणे हेही त्या व्याख्येत बसू शकते. गावाचे पाणी हा राजकीय प्रश्न आहे असे मी मानत नाही. तरीही महापालिकेची निवडणूक जवळ असेल आणि राडारोडा टाकणाऱ्याचे एखाद्या पक्षाशी नाते असेल, तर उद्या कोणीतरी या कायद्याखाली तक्रार करेल. म्हणून बावखलासाठी गावाची सभा घ्यायची झाली, तर ती चर्चच्या आवारात मुळीच घेऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्या.

कायद्याने काय करता येते ते मी सांगितले. काय करणे शोभते, हे ठरवायला माझ्यापेक्षा अधिक अनुभवी माणसे येथे आहेत.

सातेरीचा मास्तर, वेंगुर्ले

मी ख्रिस्ती नाही. शिक्षक म्हणून पस्तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा दवाखाना होता, त्याच्या छायेत माझे बालपण गेले. तेथील डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे अमेरिकेचा भारतातील राजदूत होऊन आला, ही गोष्ट आमच्याकडे अजून अभिमानाने सांगितली जाते. माझी आजी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसे. मिशनवाले बाटवतात असे कोणी म्हणाले की तिचे उत्तर ठरलेले असे: ‘डॉक्टरान माजी नाडी बघल्यान, जात नाय इचारल्यान.’

हे सांगण्याचे कारण असे की, चर्चला आमच्या कोकणात जी जागा मिळाली ती मिळवावी लागली, आणि ती मिळवण्याआधी बरेच काही विसरायला लावावे लागले. गोव्यात १५६०पासून १८१२पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, धर्मन्यायासन (इन्क्विझिशन) चालले. तुमच्या वसईत १५३४पासून पोर्तुगीजांची सत्ता होती. राज्य आणि चर्च यांचे हात एकमेकांत गुंतलेले असताना शेजाऱ्याच्या श्रद्धेचे काय होते, हे या किनाऱ्याने सोसलेले आहे. ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या कमी झाली तरी नाहीशी झालेली नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या वाक्यात मला तिचाच अंश ऐकू आला. तुमच्या फादरांबद्दल त्यांच्या मनात संशय असेलच असे नाही. मोठ्या संस्थेचा हात एखाद्या गोष्टीवर पडला की ती गोष्ट तिची होते, हे मात्र त्यांना ठाऊक आहे.

याच प्रश्नाशी आमच्या कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातला एक माणूस आयुष्यभर झगडला. नारायण वामन टिळक १८६१मध्ये करजगावी जन्मले आणि १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे वीस-बावीस वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की, मिशनच्या पगारावर उभा असलेला ख्रिस्त लोकांना परकाच वाटत राहणार. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक येऊ शकत होते. दोन वर्षांत ते गेले आणि तो दरबार फार काळ टिकला नाही. पण बाहेरच्या माणसाला आत येण्यासाठी आधी आमचे व्हा अशी अट नसावी, हे त्यांनी ज्या धैर्याने मांडले, त्याला तोड नाही. टिळकांची भक्तिगीते ख्रिस्ती नसलेली माणसेही कशी म्हणतात, हे मी आमच्या शाळेच्या प्रार्थनेत पाहिले आहे.

तुमच्या परिषदेसाठी माझी सूचना लहानच आहे. सभेत पहिल्यांदा विहिरीचे मालक असलेले तुमचे शेजारी बोलोत. फादरांना बोलवा, पण व्यासपीठावर बसवू नका. कोणी विचारले तर ते बोलतील.

खाडीपलीकडची, कोर्लई

मास्तरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते की, शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही.

मी रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लईची. १७४०मध्ये पोर्तुगीज येथून निघून गेले. किल्ला राहिला, चर्च राहिले आणि आम्ही राहिलो. पोर्तुगीजांच्या काळातली भाषा आमच्या आजीपणजींनी मराठीत मिसळून घरात जपली. ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे आम्ही तिला म्हणतो. शाळेत मराठी शिकलो आणि बाजारात मराठी बोलतो. पावणेतीनशेहून अधिक वर्षे आमच्यामागे कोणताही राजा नाही, सैन्य नाही, आणि तरीही चर्चची घंटा वाजते आहे. ज्या चर्चने राज्याचा हात धरला होता त्याची आठवण मास्तरांनी करून दिली, ती योग्यच आहे. पण राज्याविना जगलेल्या चर्चचा इतिहास त्याहून मोठा आहे, आणि तो आमच्यासारख्या गावांत जगला गेला. घाटावरच्या कितीतरी देवळांत वसईच्या मोहिमेतून नेलेल्या घंटा टांगलेल्या आहेत. भीमाशंकरला मी ती घंटा पाहिली तेव्हा क्षणभर मन कळवळले. मग एक म्हातारी वारकरीण आली, तिने ती घंटा वाजवून हात जोडले, आणि माझी तक्रार तिथेच संपली.

आता मुद्द्याचे. ‘फादरांनी मागे बसावे, चर्चने नाव न घेता काम करावे’ असा सल्ला सगळे देतात, आणि त्यामागे चांगलीच भावना असते. पण त्याचा परिणाम असा होतो की, माझा मुलगा चर्चमध्ये केवळ रविवारची एक गोष्ट शिकतो आणि सोमवारी पाणी, जमीन, मजुरी यांच्याविषयी विचार करताना त्याला आपल्या श्रद्धेची आठवणच होत नाही. पृथ्वी ही आपल्या मालकीची नसून राखणदारीसाठी दिलेली आहे, असे आम्ही मानतो. हे आमचे कारण आहे. ते लपवून, जणू काही आम्हांला भूजलशास्त्रामुळेच बावखलाचा पुळका आला, असे भासवणे म्हणजे शेजाऱ्याशी अर्धेच खरे बोलणे. शेजाऱ्याला आपले खरे कारण सांगणे हाही त्याचा मान राखण्याचाच प्रकार आहे.

तुमच्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत काय केले, ते आठवा. धर्मगुरू असल्याचे त्यांनी कधी लपवले नाही आणि त्यांच्याबरोबर हिंदू बागायतदारही उभे राहिले. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला, आणि त्याच वेळी असंख्य मराठी वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये पर्यावरणावर जे परिपत्रक काढले, ते कॅथलिकांपुरते न ठेवता पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला उद्देशून लिहिले. त्यात बायबल आहे आणि हवामानाचे विज्ञानही आहे. दोन्ही एकत्र बोलता येते.

म्हणून माझे म्हणणे: सभा शाळेतच घ्या, शेजाऱ्यांना आधी बोलू द्या, हे सारे मान्य. पण प्रवचनात फादरांनी सृष्टीच्या राखणीविषयी अवश्य बोलावे. चर्चला बोलण्याचा हक्क कायद्याने मिळतो आणि बोलण्याचे कर्तव्य शुभवर्तमानाने येते.

उलटतपासणी, अलिबाग

मी कोणत्याच धर्मसंस्थेत जात नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

जे चर्चला चालेल असे तुम्ही म्हणता, ते देवळाला चालू द्याल काय, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या तुमच्या गावातील देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून एखाद्या जमिनीच्या वादाची सूचना दिली गेली आणि त्यात एका ख्रिस्ती घराचे नाव आले, तर तुम्हांला कसे वाटेल? ते चालणार नसेल, तर वेदीवरून कोणाचेही नाव घेऊ नका. २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चेन्नईच्या एका चर्चच्याच ध्वनिक्षेपकाचे प्रकरण आले होते, आणि इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. माझ्या मते बहुधर्मीय समाजात धर्मसंस्थेला लावण्याची कसोटी तेथेच आहे. प्रार्थनेचा हक्क कोणी काढून घेतला नाही, शेजाऱ्याचा कान मात्र जमेस धरला.

कोर्लईच्या ताईंचे एक म्हणणे मला पटले. कारण लपवू नये. तुमचे कारण मला मान्य नसेल तर मी तसे सांगेन, आणि बावखलासाठी तरीही येईन.

आणि सातबारा आधी काढा. बावखल खासगी आहे की गावाच्या सामाईक वापराचे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. सामाईक असेल तर २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा, गावांच्या सामाईक जमिनी आणि तळी मोकळी करण्याविषयीचा निकाल वकिलांनी अर्जाला जोडावा.

वाडीकर, वसई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात परिषदेची आणखी एक बैठक आणि गावाची सभा असे दोन्ही झाले.

परिषदेत मी हे सारे प्रतिसाद कागदावर उतरवून नेले आणि वाचून दाखवले. उलटतपासणी यांचा प्रश्न वाचला तेव्हा वेदीवरून विषय मांडावा असा आग्रह धरणारे आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग ‘नाव घ्यायचे नाही, हे लिहून ठेवा’ एवढेच म्हणाले. कोर्लईच्या ताईंचा प्रतिसाद फादरांनी स्वतः मागून घेतला.

ठरले ते असे. मिस्सा संपल्यावर विवाहाच्या घोषणा आणि आजाऱ्यांची नावे जेथे वाचली जातात, तेथे चार वाक्यांची सूचना वाचायची. ती फादरांनी नव्हे, तर एका प्रापंचिक, म्हणजे सामान्य भाविक स्त्रीने वाचली. बावखलात राडारोडा पडत आहे, त्याने विहिरी बाधित होऊ शकतात, गावाची सभा शनिवारी संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी आपले पाणी बाटलीत भरून आणावे. हाच कागद, एक अक्षरही न बदलता, देवळाच्या फलकावर, किराणा दुकानात आणि आदिवासी पाड्याच्या नळापाशी लावला. देवळाच्या फलकावर तो माझ्या शेजाऱ्यांनी लावला.

सभेला किती माणसे येतील याची मला धास्ती होती. वर्ग भरून माणसे व्हरांड्यात उभी राहिली. शेजारी पहिल्यांदा बोलले, कादोडीत, आणि आगरी मंडळींसाठी मधूनच मराठीत वळले. फादर तिसऱ्या बाकावर, मुलांच्या बाकात पाय मावत नसताना, तिरके बसले होते. पाड्यावरची एक आजी बाटली नाही म्हणून तांब्यातच पाणी घेऊन आली होती. तिने तो तांब्या आधी शेजाऱ्यांच्या पुढे केला आणि मग फादरांच्या. दोघांनी एकेक घोट घेतला. दोघांचेही तोंड वाकडे झाले, इतके ते मचूळ होते. त्यानंतर बावखल कोणाचे हा प्रश्न त्या खोलीत कोणी काढला नाही.

सातबारा काढला आहे. बावखलाचा एक भाग खासगी आणि एक भाग सामाईक आहे, त्यामुळे खटलेवाल्यांना वेगळा निरोप पाठवून त्रास देणार आहे. अकरा जणांची समिती झाली असून त्यात चर्चचे कोणी पदाधिकारी म्हणून नाही. मीही वाडी असलेला शेतकरी म्हणून आहे.

पुढच्या रविवारी फादरांनी सृष्टीच्या राखणीवर प्रवचन केले. त्यात बावखलाचे नाव नव्हते आणि कोणा माणसाचेही नव्हते. उत्पत्तीच्या पुस्तकातील बाग राखण्याची आणि तिची मशागत करण्याची आज्ञा त्यांनी उलगडून सांगितली. संध्याकाळी बांधावर शेजाऱ्यांनी विचारले, ‘आज तुमचे फादर काय बोलले?’ मी सांगितले. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, ‘हेच आम्हांला पण ऐकवायला सांगा. पाऊस पडून बावखल भरले की काठावर बसू. आमचे गुरुजी पण दोन शब्द बोलतील.’ फादरांना निरोप दिला आहे, आणि ते येणार आहेत.